गोल काढायची नोकरी

आमच्या धुळ्याच्या डीटीपीच्या दुकानात कागदाची कातरण आणि किस्से, दोन्ही साठायचे. कातरण रद्दीवाला न्यायचा. किस्से कोण नेणार?

मी सातवी पास. दुकानाचे मालक भाऊ. त्यांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं तेव्हा हातातला माउस मला विंचवासारखा वाटायचा! भाऊ म्हणाले, "सुमन, शिफ्ट दाबून ओढ, गोल येईल. सोडताना आधी माउस, मग शिफ्ट." मी घाबरून शिफ्टच आधी सोडली. गोल झाला लांबोडका! शेजारी नाना बसायचे, छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळातले जुने कंपोझिटर. चष्मा वर करून म्हणाले, "हाई ते अंडं व्हयनं! कोंबडी कोठे शे?"

*

सोनगीरचे एक उमेदवार पत्रक छापायला आले. त्यांच्या फोटोला मी छान गोल काढला, तर फेट्याचा तुरा कापला गेला. उभा लंबगोल घेतला, तर कान गेले.

"कान जाऊ द्या, तुरा राहिला पाहिजे!"

ते गेल्यावर नाना म्हणाले, "निवडून आल्यावर कान लागतात कुठं?"

*

पडद्यावरचा गोल मला पटायचाच नाही. एकदा हातातली बांगडी काढून काचेवर धरली आणि अगदी तिच्या मापानं गोल ओढला. प्रिंट निघाली तर परत अंडं! मॉनिटरच जुना, सगळं आडवं ताणून दाखवायचा.

भाऊ म्हणाले, "हा मॉनिटर लग्न जमवणाऱ्यासारखा आहे. दाखवतो एक, निघतं भलतंच!"

*

घरी एकदा भाकरी लांबट झाली. आमचे हे ताटात बघून म्हणतात, "काय गं, शिफ्ट सोडली का?"

*

हसायचो खूप, पण माझा जीव टांगणीला. माझी पिंकी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, धीर धरा. सासूबाई म्हणाल्या, "आई दिवसभर मशीनपुढं. लेकरू बोलेल कुणाशी?" दिवाळीपर्यंत बोलली नाही तर काम सोडायचं, असं घरात ठरलं.

मग मी तिला दुकानातच आणायला लागले. कागदाच्या रिमांवर बसवायची आणि माउस ओढता ओढता बडबडायची, "पिंके, हा बघ गोल. हा बघ लंबगोल." ती बघायची. तोंड बंद!

भाऊ येता-जाता विचारायचे, "पिंकीशेठ, काय म्हणतो बाजार?"

बाजार गप्प!

*

दिवाळी तोंडावर आली. कापडवाले शेठ पिशवीवरची छाप करून घ्यायला माझ्या डोक्याशी उभे. गोलात लक्ष्मी हवी होती. "ताई, गोल एकदम गोल पाहिजे हां!"

माझं चित्त दिवाळीच्या मुदतीत. हात घाईत फिरला, गोल बसका आला.

रिमांवरून आवाज आला, "वाकडं!"

शेठ उसळले, "बघा! लेकराला दिसतं, तुम्हाला दिसत नाही!"

नाना चष्मा काढून पिंकीकडे बघत राहिले. माझा हात माउसवर तसाच.

भाऊ ओरडले, "अगं, थांबलीस काय? अजून एक वाकडं काढ!"