काढून टाकलेल्या पानाचा पत्ता

भानामती हे थोतांड आहे, हे वाक्य मी बहुधा बाराखडी पूर्ण व्हायच्या आधीच वाचलं असेल. आमचे आबा त्याचीच पत्रकं काढायचे, आणि आम्ही बहिणी चटईवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त खोडून काढण्यासाठी वाचत आले. आज स्वतःचा लिहितेय. भुतांवर विश्वास बसला म्हणून नाही... राग शमत नाही म्हणून.

नळदुर्गला मी कामगारांच्या एका छोट्या संघटनेचं काम करायचे. हायवेलगत टायरच्या दुकानावर एक खोली, तेच ऑफिस. वेबसाइट माझ्याकडे होती. मजकूर मी मराठीत लिहायचे; कन्नड, उर्दू, हिंदी भाषांतर आपोआप व्हायचं, कारण खडी क्रशरवरचे बरेच कामगार मराठी वाचत नाहीत.

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक भाषेतल्या पानाला स्वतःचा पत्ता, म्हणजे लिंक लागते. आमचे अध्यक्ष दत्ताभाऊ म्हणायचे, कन्नड पानाचा पत्तासुद्धा कन्नडमधे कर, भारी दिसेल. मी ऐकलं नाही. पत्त्याचंही भाषांतर आपोआप होऊ दिलं, तर मथळ्यात एक शब्द बदलला तरी पत्ता बदलतो, आणि पत्रकावर आधी छापलेली लिंक मरते. आबांचा नियमच होता — छापलेला पत्ता बदलायचा नाही, लोक त्यावर विसंबून येतात. म्हणून सगळ्या भाषांना मराठी पानाचाच पत्ता ठेवला. कन्नडसाठी मधे फक्त ‘केएन’ ही दोन अक्षरं. आणि महत्त्वाचं म्हणजे कन्नड पान कुठंही साठवलेलं नसायचं. कुणी लिंक उघडली की मराठी पान उचलून तिथल्या तिथं भाषांतर व्हायचं. मराठी पान गेलं की कन्नडही गेलं.

आमच्या संघटनेतला एक कामगार, मल्लेश, क्रशरच्या पट्ट्यात ओढला जाऊन गेला. मी त्याच्यावर पान लिहिलं, आणि त्या पानाच्या क्यूआर कोडसकट कन्नड पत्रक छापलं. त्याची आई शिवव्वा उमरगा तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावात राहते. तिनं ते पत्रक दाराशेजारी भिंतीला चिकटवलं.

मग दत्ताभाऊंनी क्रशरच्या मालकाशी परस्पर समझोता केला. अपघात मल्लेशच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं झाला, असं लिहून सह्या झाल्या. पान काढायचं, हीसुद्धा अट होती. मी विचारलं, आईला विचारलंत का?

“तिला काय कळतंय त्यातलं? तू लिहायचं काम कर.”

पान त्यांनी माझ्यासमोर काढलं. मी चारही भाषांतल्या लिंक उघडून बघितल्या. सगळीकडं एकच — ‘हे पान सापडलं नाही’. मी ऑफिसची चावी कायमची टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

शिवव्वाच्या भिंतीवरची लिंक आता मेलेली होती, ते निदान तोंडावर सांगावं म्हणून मी तिच्या गावी गेले. दुपारची वेळ. ती तूर निवडत होती. मी म्हटलं, अव्वा, ते पान काढलंय त्यांनी.

“काढलं? हाय की. सकाळीच वाचले मी.” तिनं सुपातून हात काढला, पदराला पुसला. “शेवटचं तेवढं तू मागनं घातलीस न्हवं? आधी नव्हतं ते.”

मल्लेशचाच मोबाइल होता तो. तिनं भिंतीवरचा कोड स्कॅन केला... आणि पान उघडलं. माझ्या मोबाइलवर तोच कोड, तेच ‘सापडलं नाही’. मला वाटलं, जुनं पान मोबाइलमधे साठून राहिलंय. सगळं साफ केलं, बंद करून चालू केला, तिचं सिम काढून माझं नेट दिलं. तरी उघडलं. वर मधे ‘केएन’, पुढं मी ठेवलेला पत्ता, अक्षर न् अक्षर तोच.

मला कन्नड येत नाही. शेवटचं काय आहे ते वाचा, म्हटलं. तिनं बोट ठेवून हळूहळू वाचलं, मग मराठीत सांगितलं.

“पट्ट्यावरची जाळी काढून ठेवल्यात, मशीन चालू करू नका, असं मी सकाळीच मुकादमाला सांगितलो होतो.”

मी असं काहीही लिहिलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

सलीम मल्लेशच्या जोडीला काम करायचा. त्याला मी एका ढाब्यावर गाठलं आणि ओळ ऐकवली. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

“कुणी सांगितलं ताई तुम्हाला? बोलला होता तो. मुकादम, तो आन् मी... तिघंच होतो तिथं.”

हे लिहून सही देशील का, विचारलं. तर म्हणाला, लेकरं हायेत, उद्या मलाच त्या पट्ट्यापाशी उभं राहायचंय. मी जास्त बोलले नाही. पट्ट्यापाशी मला नाही, त्याला उभं राहायचं होतं.

शिवव्वाच्या मोबाइलचा मी व्हिडिओ काढला होता. तो दत्ताभाऊंना दाखवला. ते हसले. “ओळ चांगली जमलीय तुला.”

आबांनी तो दोनदा बघितला. चष्मा पुसला. म्हणाले, “ही कुठून आली ते सांगता येत नसेल, तर पत्रकात घालता येणार नाही.” आबा बरोबर होते. बरोबर होते म्हणूनच मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. ओळ माझी म्हणावी तर खोटं, आपोआप आली म्हणावं तर शिवव्वाची केस लोकांच्या लेखी भानामती ठरणार.

आता ती वेबसाइटही नाही. नाव दुसऱ्या कुणी घेतलंय, त्यावर ऑनलाइन रमीच्या जाहिराती असतात. त्या मोबाइलवर मात्र तो पत्ता अजून उघडतो. परवा गेले होते तेव्हा शिवव्वानं उघडून दाखवला, आणि पुन्हा तेच विचारलं — “मग छाप की. थांबलीस कशाला?”

संगणकातल्या जाणकारांना विचारून झालंय. सर्व्हर, कॅशे, सगळं तपासलं. उत्तर नाही. माझ्याकडंही नाही, आणि सोय म्हणून मी ते भुताच्या नावावर ढकलणार नाही.

पण एक लक्षात आलंय. हा किस्सा ज्याला ज्याला सांगितला, त्यानं पान कसं उघडतं याचं स्पष्टीकरण मागितलं. पट्ट्यावरची जाळी कुणी काढली, याचं अजून एकानंही मागितलेलं नाही.