चिमाजीचा राब

चिमाजीबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. तसं कुणी लिहिलं नाही, म्हणून मला आठवतं तेवढं लिहितो.

चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची भातखाचरं होती. रोपं टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळायचं, याला राब भाजणं म्हणतात. राब पेटवायचा तो पहाटे, वारा पडलेला असताना. हे सगळ्यांना माहीत होतं, चिमाजीलाही. पण एकोणीसशे त्रेपन्नच्या वैशाखात दुसऱ्या दिवशी त्याला मेहुणीच्या लग्नासाठी पुनावळ्याला निघायचं होतं. त्यानं भर दुपारी काडी ओढली. मी शेजारच्या बांधावर होतो. वारा उठतोय हे मला जाणवलं होतं. मी बोललो नाही.

डोंगर दोन दिवस जळत होता. करवंदीच्या जाळ्या, हिरडे, गवत, सगळं गेलं. पावसात माती खाली वाहून आली, वर दगड उघडे पडले. पुढच्या चैत्रात पायथ्याचा झरा आटला आणि बायका पाण्याला कोसभर जाऊ लागल्या.

तेव्हा चावडीसमोर चिमाजी उभा राहिला. "चूक माझीच हाय. पर तीन वर्सं डोंगरावर शेळ्या सोडू नका. फुटवा खाल्ला तर झाड येनार न्हाई, आन झराबी न्हाई."

"राब तुझा, आन उपास माझ्या शेळ्यांना व्हय?" मंजुळाबाई म्हणाली. ती विधवा, दोन शेळ्यांवर तिचं घर चालायचं. लोक हसले.

चिमाजीनं आधी स्वतःच्या शेळ्या सासुरवाडीला नेऊन सोडल्या. मग रोज सकाळी घळींत दगडांचे आडवे बांध घालू लागला. त्यांच्यामागे माती साचली की तिच्यात हिरड्याच्या, जांभळाच्या बिया टोचायचा.

"डोंगर झाला की आभाळाला बांध घाला, चिमाजीराव!" लोक म्हणत.

दुसऱ्या वर्षी मंजुळाबाईच्या शेळ्या वर शिरल्या आणि कोवळे कोंब खाऊन आल्या. चिमाजी भांडला नाही. ओढ्याकाठचं गवत कापून त्यानं भारा तिच्या दारात टाकला.

"शेळ्या बांधून ठेव, मावशे. चारा मी आणतो."

"रोज?"

"रोज."

"आन आजारी पडलास तर?"

"मग तू जा डोंगरावर. शेळ्या तेवढ्या नेऊ नकोस."

त्यानं खरंच रोज चारा आणला. पिंपरीच्या कारखान्यात माणसं घेत होते, मी गेलो. त्यालाही बोलावलं, तो आला नाही.

सत्तावन्नच्या चैत्रात झऱ्याला पाणी आलं. बारीक धार, हंडा भरायला दुपार व्हायची. पण आलं. जळक्या हिरड्यांच्या बुडाशी पुरुषभर फुटवा उभा होता.

वैशाखात मी रजेवर घरी असताना मंजुळाबाई चिमाजीकडे आली. त्यानं चार वर्षांत राब भाजला नव्हता. बिनराबाची रोपं पिवळी पडत, तरी नाही.

"माझा राब भाजायचाय. काडी तू लाव."

"मी?"

"मग कोन? वाऱ्याला तुझ्याएवढं भ्यालेलं गावात दुसरं हाय का कुणी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं वाफ्याभोवतीचं गवत खरवडून काढलं. चिमूटभर धूळ उंच धरून सोडली. मग काडी हातात घेऊन माझ्याकडे वळला.

"काय वाटतं?"

"पडलाय वारा," मी म्हणालो. "लाव."