दहा लाख एकला भाग जातो

गेल्या पोळ्याच्या आदल्या शुक्रवारी, सकाळी साडेअकरा वाजता, ताणाकाकांना एका भरती परीक्षेच्या कार्यालयातून हाकलून दिलं. हातात वहीचं एक पान होतं आणि त्यावर एकच ओळ: १०१ × ९९०१ = १०,००,००१.

ताणाकाका महाल वस्तीतले जुने विणकर. माग बंद पडल्यावर नंदनवनातल्या आमच्या अभ्यासिकेत कुलूप उघडायचे, पाणी भरायचे. शिक्षण सातवी. पण ताण्याचे हजारो उभे धागे मोजण्यात जन्म गेलेला, त्यामुळे मोठी संख्या दिसली की फळ्यावर तिचे भाग पाडून आम्हाला शिकवत. उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करायच्या. एक जोडी वर, पुढची खाली, मागावरच्या धाग्यांसारखी. वरच्या आणि खालच्या जोड्यांची बेरीज सारखी आली की एकशे एकनं भाग जातो. दहा लाख एकमध्ये वर एक, खाली एक. झालं. आम्ही नुसत्या माना डोलावल्या की चिडायचे. "माह्या सांगण्यावर नको जाऊ. भागून पाह्य."

अभ्यासिकेत येणाऱ्या उमरेडच्या सुषमानं भागून पाहिलं होतं. परीक्षेत नेमकी हीच संख्या आली: मूळ की संयुक्त? तिनं संयुक्त लिहिलं. उत्तरतालिकेत छापलं होतं, मूळ. एका गुणानं ती यादीबाहेर गेली. वयाच्या अटीमुळे तो तिचा शेवटचा प्रयत्न होता.

हरकत घेतली तर एका ओळीत उत्तर आलं, तज्ज्ञांचा निर्णय अंतिम. म्हणून काका स्वतः त्या कार्यालयात गेले, मी सोबत. बाबूनं आधी शिक्षण विचारलं. सातवी म्हटल्यावर शेजारची टेबलंही हसली. काका म्हणाले, "मी सातवीच आहो साहेब. पण भागाकार तर तोच राह्यते ना?" मग चौकीदाराला बोलावण्यात आलं.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. निर्लज्ज, लुटारू, कारस्थान, सगळं होतं त्यात. काकांनी पेन्सिलीनं एकेक शब्द खोडला. "शिव्याच आहेत गा सगळ्या. भागाकार कुठी आहे?" मला राग आला. छापली मात्र त्यांचीच भागाकाराची ओळ.

त्यानंतर काकांनी फळ्याला हात लावला नाही. कुलूप उघडायचे, पाणी भरायचे आणि पायरीवर बसायचे. काहून म्हणून विचारलं. म्हणाले, "मी नसतं शिकवलं तर तिनंही सगळ्यांसारखं मूळ लिहिलं असतं. पोट्टी नोकरीले लागली असती."

सुषमा येऊन म्हणाली, "काका, मले खोटं उत्तर लिहाचंच नव्हतं." त्यांनी ऐकून घेतलं. खडू घेतला नाही.

थंडीत काका गेले. सुषमा लकडगंजच्या एका दुकानात कापड मोजते. उत्तरतालिकेत दहा लाख एक अजून मूळच आहे.

तुमची हळहळ मला नको. आत्ता पेन्सिल घ्या, दहा लाख एकला एकशे एकनं भागा. बाकी शून्य आली, तर त्याच कागदावर खाली नाव लिहा आणि अभ्यासिकेत आणून द्या. त्या कागदांचा गठ्ठा मी त्या बाबूच्याच टेबलावर नेऊन ठेवणार आहे. फक्त माझ्या सांगण्यावर सही करू नका. भागून पाहा.