हौसा ‘आलंच’ म्हणायची नाही

डोंगर चढताना दमलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात. ‘आलंच की, हे वळण गेलं की देऊळ.’ माझी बायको हौसा हे कधी म्हणाली नाही. कुणी बसकण मारली की ती शेजारी टेकायची आणि सांगायची, "लय हाय अजून. पाय पसर."

आमचं गाव कडेगावच्या अंगाला. गावामागच्या डोंगरावर देवीचं ठाणं. नवरात्रात आळीतल्या बायका अनवाणी वर जायच्या. देवीची ओटी भरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. आम्ही बाप्ये नारळाची पोती आणि पाणी घेऊन मागं. एका वर्षी शेजारची नवी सून कमळ रडकुंडीला आली. बायकांनी ‘आलंच, आलंच’ करून तिला वळणामागून वळण पळवलं. पुढं आणखी चढ दिसला तशी पोरगी मटकन खाली बसली, उठेचना. हौसा बायकांवर तुटून पडली. "खोटं सांगून तिचा दम काढलासा. जावा तुमी म्होरं, मी बघते." मग कमळला म्हणाली, "निम्मा डोंगर हाय अजून. माघारी जायाचं आसलं तरी चल, त्यात काय पाप न्हाई." कमळ बराच वेळ बसली. मग उठली आणि सावकाश वर गेली.

हौसा तोंडाची गोड नव्हती. मी भजनात गायला लागलो की म्हणायची, "आवं, तुमी टाळ तेवढा वाजवा." पण तिनं फसवलं असं कुणी म्हटलं नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला आणि तिच्या धाकट्या भावाला, दत्तूला, बाहेर बोलावलं. कापून उपयोग नाही, फार तर वर्ष काढतील, म्हणाला. दत्तू भिंतीला कपाळ लावून रडला. मग तोंड पुसून म्हणाला, "दाजी, आक्काला कळता कामा न्हाई. शपथ हाय तुमाला." आमच्याकडं असंच करतात. माणूस मरायला टेकलं तरी त्याला सांगतात, बरं वाटेल.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. हौसानं विचारलं, "दागतर काय म्हनला?"

"किरकोळ हाय, आक्का. गोळ्यांनी जिरंल," दत्तू म्हणाला.

"तू गप रं. आवं, तुमी सांगा."

मी दवाखान्याचे कागद पिशवीत सारखे करायला लागलो. ती बघत राहिली.

"दिवाळी घावंल का मला?"

"घावंल."

"म्होरली?"

"न्हाई घावायची."

दत्तू ताडकन उठून गेला. हौसानं पदर सारखा केला. म्हणाली, "सांगितलंसा ते बरं झालं. लय कामं पडल्यात." गाडीत मात्र खिडकीकडं तोंड करून रडली. मी हात धरला नाही. चारचौघांत हात धरायची रीत नव्हती आमची.

त्या नवरात्रात ती डोंगराला निघाली. निम्म्यात बसली. ओठ पांढरेफटक पडले होते. सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या. कमळ म्हणाली, "मावशी, मी पाठीवर घेते."

"मी काय सरपणाची मोळी हाय? ही माझी ओटी घे, वर जाऊन भर. मी हितनं माघारी जानार." कमळचे डोळे भरले. "रडू नगंस गं, चढताना धाप लागंल."

बायका गेल्या. हौसानं माझ्याकडून तांब्या मागून घेतला आणि घटाघटा पाणी प्याली. ओटी अजून वर पोचली नव्हती. मी विचारलं, "वर जायाचं ऱ्हायलं, वाईट वाटतंय का?"

"देवी काय, दरसाल बघितलीया. मला ह्यांच्यासंगं निघायचं हुतं. निघाले की."

दिवाळीनंतर तिनं आपली लुगडी स्वतःच्या हातानं वाटली. कुणाला कुठलं, ते तिनंच ठरवलं. माघात गेली. शेवटी फार हाल झाले, ते लिहीत नाही.

मातीला दत्तू आला आणि माणसांत ओरडला, "तुमी सांगितलंसा म्हनून आक्कानं हाय खाल्ली. तुमी मारलंसा तिला." तिनं हाय खाल्ली नव्हती, पण भावाला ते कसं पटवणार? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. घरात बोलायला कुणी नाही, आणि हाही नाही.

परवा शिराळ्याला त्याच्या पुतणीचं लग्न होतं. बोलावणं होतं म्हणून गेलो. पंगतीत दत्तू माझ्यासमोरच्या रांगेत बसला होता. त्याची बायको शालन भात वाढत माझ्यापाशी आली, वाकली आणि हळू म्हणाली, "दाजी, उद्या मला काय झालं तर हे सांगायचे न्हाईत. तुमी येऊन सांगा."

मी म्हटलं, "सांगीन." दत्तू ताटात बघून जेवत होता.