अण्णांची दोन उन्हं

अण्णा सोमवारी पहाटे गेले. ही पोस्ट दोन दिवस उशिरा टाकतोय. मुद्दाम.

सोमवारपासून फोन चालू आहेत. "तू अजून कसं काही लिहिलं नाहीस?"

कारण अण्णाच.

नव्या मित्रांसाठी सांगतो. अण्णा म्हणजे कर्जतचे भातगिरणीवाले, सत्तरच्या दशकात कर्जत-खालापूरचे आमदार. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. वय बावीस. एक सायकल आणि भरपूर घाई.

गिरणीत भाताचं पोतं आलं की अण्णा आधी मूठभर भात घ्यायचे. तळहातावर चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि एक दाणा दाताखाली धरायचे.

कट्ट वाजला तर पोतं आत.

नाही वाजला तर, "ओलं हाय. दोन उन्हं दे, मग आण."

एकदा खालापूरकडची एक बाई हटूनच बसली. "अण्णा, उद्या पावणे येनार हायत. द्या ना भरडून."

"दाणे तुटून सगळी कणी होईल गं. पावण्यांना काय पेज वाढशील?"

"वाढीन."

"मग पावणे परत येनार नाय. तुजा फायदाच हाय, पण माज्या गिरणीचं नाव जाईल."

बाई हसत पोतं गाडीत टाकून परत गेली.

आमदार झाल्यावरही सवय तीच. मीटिंगमध्ये कोणी अधिकारी म्हणाला, "काम प्रगतिपथावर आहे," की अण्णा शेजारच्याच्या कानात, "ओलं हाय." दुसऱ्या दिवशी स्वतः जागेवर जाऊन उभे.

आता ती बातमी.

पळसदरीच्या पलीकडच्या वाड्यांना वीज मिळावी म्हणून अण्णांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. शेवटी सर्व्हे झाला, खांबांच्या जागी खुंट्या ठोकल्या गेल्या. मी सायकलवरून जाताना पाहिलं, खुंट्या थेट अण्णांच्या गिरणीच्या भिंतीजवळून गेल्या होत्या. गिरणी तेव्हा ऑइल इंजिनवर चालायची.

दुपारच्या गाडीने साप्ताहिकाला बातमीचं पाकीट पाठवायचं होतं. अण्णांना विचारायला वेळ नव्हता. म्हणजे, मी काढला नाही.

हेडलाइन आली: 'आमदारांच्या गिरणीला आधी वीज'.

निवडणूक दोन महिन्यांवर होती. विरोधकांनी अंक चौकात वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या दारात. मागे त्यांचा धाकटा भाऊ बाळू, लालबुंद.

"पेपरवाल्या, चपला घाल. फिरून येऊ."

खुंट्यांच्या कडेकडेने चालत राहिलो. लाइन गिरणीपाशी थांबतच नव्हती. बांधांवरून, ओढा ओलांडून, सरळ डोंगराखालच्या वाडीत. शेवटची खुंटी हिराजी नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात.

तिथे सिमेंटचा नवाकोरा चौथरा होता. मी विचारलं, "हे काय?"

"गिरण बसवायची," हिराजी म्हणाला. "अण्णाच म्हनले, वीज आली का छोटी भातगिरण टाक. मशीन बी त्यांनीच निवडून दिलंय."

बाळूचा तोल गेला. "ऐकलंस? आता वाडीवाडीत गिरण्या होनार. आपल्याकडं कोन येनार? ह्यो मानूस आपलाच धंदा बंद कराय निगालाय, आनि तू छापतोस का आमी वीज पळवली."

मी अण्णांकडे पाहिलं. "मग तुमची गिरणी?"

"बंद पडंल," अण्णा म्हणाले. एसटीची वेळ सांगावी तसं. "लोकं अख्खा दिवस मोडून बैलगाडीनं कर्जतला येतात. त्यांच्या दारात गिरण झाली तर बरं नाय का?"

मी म्हणालो, पुढच्या अंकात सगळं लिहितो. पहिल्या पानावर.

"चुकलो, एवढं छाप. बाकीचं ओलं हाय."

"अण्णा, मतदान झाल्यावर छापून काय उपयोग?"

"आज नुसत्या खुंट्या हायत रं. खुंट्या दाखवून मतं मागू? दिवा लागू दे, मग लिही."

बाळू तरातरा पुढे चालू लागला.

दोन ओळींचा खुलासा आतल्या पानावर आला. फारसा कोणी वाचला नाही. अण्णा थोडक्या मतांनी पडले.

माझ्या बातमीमुळे? माहीत नाही. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

वाडीत दिवा लागला तेव्हा ते आमदार नव्हते. समारंभाचं बोलावणंही नव्हतं. ते नंतर एकटेच हिराजीकडे गेले, पहिल्या पोत्यातला दाणा चावून पाहिला आणि म्हणाले, "चालू कर."

मग मी लिहिलं. अंक घेऊन अण्णांच्या गिरणीत गेलो. तिथली गर्दी ओसरायला लागलीच होती. अण्णांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कागद दोन्ही तळव्यांत धरून चोळला. वर फुंकर मारली.

"आता वाळलंय."

पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना परत निवडून दिलं, चांगल्या मतांनी. तोवर गिरणी बंद झाली होती. आमदारांचं ऑफिस तिथेच भरायचं, थंड पडलेल्या इंजिनाशेजारी. बाळू येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत कुरकुरायचा, "गिरणी गेली, पण गिऱ्हाईक वाढलं."

सोमवारी हिराजीच्या नातवाने दिवसभर गिरण बंद ठेवली.

मी त्याच सकाळी लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि थांबलो.

दोन उन्हं दिली, अण्णा.

तरी कुठे कणी झाली असेल तर ती माझी.

या आता.