मामांनी हुकूम पाळला

बीडला नेतृत्वाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी आष्टीकडच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात परतलो, तो जरा ताठ मानेनंच. प्रत्येक माणसाला त्याच्या गरजेप्रमाणे हाताळावं, असं तिथं शिकवलं होतं. कुणाला कसं, ते जेवणानंतर सांगितलं. तेव्हा मला डुलकी लागली होती.

माझ्या हाताखाली माणसं दोनच. एक परिचर, ज्यांना सगळेच मामा म्हणायचे. मी डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीपासून ते मेंढरं धरत होते. दुसरी नुकतीच रुजू झालेली पशुधन पर्यवेक्षक मुलगी. मामा ऐकत नाहीत, म्हणून त्यांना कडक हुकूम. मुलगी शिकलेली, म्हणून तिला मोकळीक. असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मेंढपाळ बाईंच्या वाडग्यावर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणापाशी, लस टोचायला गेलो.

"मामा, आज मी सांगेन तेवढंच करायचं."

मामांनी मला नीट न्याहाळलं. "बरं सायेब. तुमी म्हणाल तसं."

मुलीला म्हणालो, "तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा. माझा विश्वास आहे." तिनं कसंनुसं हसून सिरिंज हातात घेतली.

"मामा, दार उघडा."

मामांनी काट्याकुट्यांचं दार सताड उघडलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. मेंढरं भराभरा बाहेर पडली आणि शेजारच्या कांद्यात घुसली.

"अहो, धरा की!"

मामांनी एक मेंढी धरली. एकच. "धरली सायेब. आता फुडं?"

"बाकीची?"

"त्ये तुमी सांगितलं न्हाई."

तेवढ्यात मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली, "सर, किती द्यायची? मी आजवर एकदाच टोचलीय, तीही शेळीला." तिकडून बाई काठी उगारून ओरडल्या, "डागदर, कावून पळवायलाव माझी मेंढरं?"

"मामा, चुकलो. तुम्हीच बघा आता."

मामांनी घशातून मेंढरं वळवायचा कसलासा आवाज काढला, बाईंना एका अंगानं पाठवलं, स्वतः दुसऱ्या अंगानं गेले. थोड्याच वेळात सगळा कळप आत. मी मुलीशेजारी बसलो. कातडी अशी चिमटीत धरायची, सुई अशी आडवी घालायची. पहिल्या दहा मेंढ्यांना माझा हात तिच्या हाताजवळ होता. पंधराव्या मेंढीला ती म्हणाली, "सर, तुम्ही मध्ये येताय. टोचलेल्यांना रंग लावता का?"

मग मी निमूटपणे निळा रंग घेऊन फिरू लागलो. दुपारपर्यंत सगळा कळप टोचून झाला.

"सायेब," मामा मेंढी सोडता सोडता म्हणाले, "काम लई झ्याक करता. पर तुमी रंगवलंय त्ये बाईंचं कुत्रं हाय."