सातवा फर्मा

मत्सर करायचा तर तो माणूस निदान जिवंत तरी असावा. आजोबांच्या वाट्याला आला तो चाळीस वर्षांपूर्वी मेलेला. त्याच्याशी भांडता येत नव्हतं, त्याला गाठून जाब विचारता येत नव्हता, आणि वर त्याचा फोटो रोज जेवणाच्या टेबलावर हजर. लांब नाक, लोकरीचा कोट, पायाशी कुत्रं. नातीच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर फोटोखाली लिहिलं होतं की हे गृहस्थ आधी घड्याळं दुरुस्त करायचे आणि उतारवयात ख्रिस्ती विश्वासावर लिहू लागले. आजोबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "घड्याळं चालत नसतील."

आजोबांचा स्वतःचा धंदा पुस्तकबांधणीचा. घराची पुढची खोली हाच कारखाना. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर शिलाईची चौकट, चिकटवायच्या खळीचं पातेलं, दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, ज्याचं चाक फिरवायला आता त्यांना दोन्ही हात लागायचे. लायब्ररीची, वकिलांची, चर्चची मोडकीतोडकी पुस्तकं या टेबलावरून धडधाकट होऊन बाहेर पडायची. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. शिवायला घेण्याआधी पुस्तकाचे सगळे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, ते तीनदा मोजायचे. एकदा आपल्यासाठी, एकदा गिऱ्हाइकासाठी आणि एकदा वरच्यासाठी. वरचा म्हणजे देव. वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं.

लोकांची हजारो पुस्तकं त्यांनी बांधली, वाचलं मात्र एकच. पहाटे पाचला ते खुर्चीशी गुडघे टेकायचे आणि नावांची यादी देवापुढे वाचायचे. आजारी माणसं, प्रवासातली माणसं, न बोलणारा शेजारी, सगळे त्या यादीत. पहिलं नाव नातीचं. ती सोळा वर्षांची असताना तिची आई, म्हणजे आजोबांची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात वारली, आणि त्यानंतर नातीनं चर्चची पायरी चढणं सोडलं. देवावर रुसली म्हणा किंवा त्याच्याशी बोलणं टाकलं म्हणा. आजोबांनी आदळआपट केली नाही. ते पडले चिवट. त्यांनी न्याहरीला एक वचन, तिच्या डब्यात एक चिठ्ठी आणि उशीपाशी उघडं बायबल असा काढा सुरू केला, तो अकरा वर्षं चुकवला नाही. नात चिठ्ठी वाचायची, घडी करायची, आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला निघून जायची.

मग त्याच दुकानात कुणी गिऱ्हाईक त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं एक पुस्तक विसरून गेलं. नाव सापडतं का पाहायला तिनं ते उघडलं, आणि चार दिवसांत संपवलं. महिन्याभरात तिच्या खोलीतली फळी भरली. अंथरुणाला खिळलेल्या एका ख्रिस्ती जोगिणीची पत्रं आली, एका न्यायाधीशाची प्रार्थनेवरची टिपणं आली, आणि घड्याळजीची तर सहा पुस्तकं. सगळे विश्वासाबद्दल बोलणारे, सगळे वारलेले. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आजोबा दाबयंत्राला ऐकवायचे.

एका रविवारी नात कपडे करून बाहेर आली आणि म्हणाली, मीही येते. आजोबांना बुटाची नाडी बांधता येईना. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली, पण बसली. उपासनेनंतर लोकांनी आजोबांचे हात हातात घेतले. पाळकसाहेब म्हणाले की अकरा वर्षांच्या प्रार्थनेचं हे फळ आहे, आणि आजोबांची छाती त्या जुन्या कोटात मावेनाशी झाली. एवढ्यावर थांबावं की नाही? पण पाळकसाहेबांनी नातीलाच विचारलं, कशामुळे आलीस. ती म्हणाली, एक पुस्तक वाचलं.

पिकतं तिथं विकत नाही, हे आजोबांना ठाऊक होतं. पण आपण पिकवावं आणि दुसऱ्यानं येऊन आपल्याच ओट्यावर दुकान मांडावं, हे जिव्हारी लागलं. अकरा वर्षं गुडघे कुणाचे झिजले? आणि आयत्या बिळावर हा कुत्रेवाला नागोबा. आजोबांना लाजही वाटत होती. नात देवाकडे परतली, यात आनंद नाही तर कशात? आनंद होताच, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही पोटात दुखत होतं, आणि पहाटेच्या यादीत घड्याळजीच्या आत्म्याला शांती मागायची वेळ आली की त्यांना ठसका लागायचा.

पुढच्याच महिन्यात नातीनं घड्याळजीचं ते पहिलं पुस्तक त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. वाचून वाचून त्याची पाठ उकलली होती. "नीट शिवून द्या आजोबा," ती म्हणाली, "हे मला जन्मभर लागणार आहे."

आजोबांनी पुठ्ठा सोडवला, जुना डिंक खरवडला, टाके कापले आणि फर्मे ओळीनं मांडले. सातव्या फर्म्यावर त्यांचा हात थांबला. सत्त्याण्णव ते एकशे बारा. इतकी पेन्सिल दुसऱ्या कुठल्याच फर्म्यावर नव्हती. गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचायचं नाही हा त्यांचा नेम होता, पण नात काही गिऱ्हाईक नव्हे, अशी मनाची समजूत घालून त्यांनी चष्मा चढवला. एका वाक्याखाली दोन रेघा होत्या. देव गप्प असतो तेव्हा तो ऐकत असतो, असं घड्याळजीनं लिहिलं होतं. आणि शेजारच्या कोऱ्या जागेत नातीचं बारीक अक्षर: हे मला आजवर कुणीच सांगितलं नाही.

आजोबा खुर्चीत बसले. कुणीच नाही? हेच वाक्य या घरात, या टेबलाशी, हातात सुई धरून त्यांनी किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नव्हती. डब्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सातवा फर्मा उचलला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. उरलेले फर्मे त्या दिवशी त्यांनी एकदाही मोजले नाहीत. पुस्तक मात्र असं देखणं बांधलं की विचारू नका. निळं कापड, घट्ट पाठ, सोनेरी अक्षरं. चोरी झाकायला माणूस काय काय नटवतो.

नात खूश झाली. पुस्तक तिला पाठच होतं, त्यामुळे तिनं ते फक्त चाळून फळीवर ठेवलं. आठवडा बरा गेला, म्हणजे आजोबांना झोप आली नाही एवढंच. मग पाळकसाहेबांनी ठरवलं की पुढच्या रविवारी उपासनेनंतर बाजूच्या खोलीत जमायचं आणि आवडत्या पुस्तकातलं एखादं प्रकरण ज्यानं त्यानं वाचून दाखवायचं. सुरुवात नातीनं करायची. नात घरी येऊन म्हणाली की ती अठ्ठ्याण्णव पानापासून वाचणार आहे. आजोबा खळ ढवळत होते, ते ढवळतच राहिले.

अजून चार दिवस हातात होते. खण उघडायचा, पाठ सोडवायची, फर्मा आत घालायचा. त्यासाठी पुस्तक तिच्याकडून मागून घ्यायचं, म्हणजे कबूल करावं लागेल, हे तर होतंच. पण एक फर्मा चुकून राहिला, असं खोटं सांगायचं म्हटलं तरी पन्नास वर्षांचं नाव जाणार होतं. चोर म्हणवून घ्यायचं की गचाळ कारागीर म्हणवून घ्यायचं, यातच आजोबांचे चार दिवस गेले. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांना दोन्हींतलं एकही जमलं नाही.

बाजूच्या खोलीत तीसेक माणसं जमली. आजोबा पुढच्या रांगेत, कारण पाळकसाहेबांनी हाताला धरून तिथंच बसवलं. नात उभी राहिली, तिनं निळं पुस्तक उघडलं, पान उलटलं, परत मागं आली. शहाण्णव. पुढे एकशे तेरा. तिनं पुस्तक जरा तिरकं धरून पाठीतली शिलाई पाहिली. पान फाटलेलं नव्हतं, टाका सुटलेला नव्हता. मग तिनं पुस्तकावरून आजोबांकडे पाहिलं. आजोबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, वाचत नाही, सांगते. आणि सांगू लागली. कुठं अडखळली नाही. देवाच्या गप्प बसण्याबद्दल बोलली, वाट पाहण्याबद्दल बोलली. शेवटी ती म्हणाली, "लेखक म्हणतो, विश्वास खळीसारखा असतो. ओली असताना धरत नाही. वर वजन ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा."

आजोबा जागच्या जागी ताठ झाले. सातवा फर्मा त्यांनी त्या पंधरवड्यात नऊ वेळा वाचला होता. त्यात खळ नव्हती. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस खळीचं काय सांगणार? ते वाक्य आजोबांचं स्वतःचं होतं, शब्दन् शब्द त्यांचं. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच "किती खरं आहे" म्हणालं, आणि तेही घड्याळजीच्याच खात्यावर गेलं. आजोबांच्या जिभेवर आलं होतं की हे त्याचं नाही, माझं आहे. पण त्याच्या प्रकरणात काय नाही हे तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर? चोराला आपल्या मालाची फिर्यादही करता येत नाही.

दोघं घरी आली. पुढच्या खोलीत तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसली. आजोबांनी कोटही न काढता खण उघडला आणि फर्मा तिच्यापुढे ठेवला.

"मीच काढला," ते म्हणाले. "जळलो मी त्याच्यावर. अकरा वर्षं मी तुला देवाजवळ मागतोय, आणि तू गेलीस त्याचं ऐकून." मग राहवेना म्हणून म्हणाले, "आणि खळीचं माझं आहे. त्यात कुठंही नाही ते. बघ वाटलं तर."

नातीनं खरंच पाहिलं. एकेक पान उलटून, बोट फिरवून. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग हसू यायला लागलं, पण ते पुरतं आलं नाही, कारण तोवर आजोबांनी पुढे वाकून त्या दोन रेघांवर आणि शेजारच्या तिच्या अक्षरावर बोट ठेवलं होतं.

"आणि हे," आजोबा म्हणाले. "कुणीच सांगितलं नाही तुला?"

तिनं आपलंच अक्षर पुन्हा वाचलं.

"सांगितलं होतंत," ती म्हणाली. "आई गेली त्या दुपारी. दवाखान्याच्या जिन्यात. अगदी हेच. आणि सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, लागू पडलं का म्हणून. त्यानंतर दर वेळी तेच, आजोबा. वचन द्यायचं आणि बघायचं. चिठ्ठी ठेवायची आणि संध्याकाळी बघायचं. मला रडायचं असायचं, पण तुम्ही वाट बघत असायचात." तिनं फर्म्याच्या कडा जुळवल्या. "हा माणूस बोलतो तुमच्यासारखाच. म्हणून तर मी वाचलं. फक्त बोलताना तो माझ्याकडे बघत नाही."

आजोबांना वाटलं आपल्याला राग येईल. तो आला नाही. जिन्यातला तो चेहरा त्यांना आठवला, सोळा वर्षांचा, कोरडा. तेव्हा त्यांना वाटलं होतं की पोरीनं धीर धरला.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. निळं पुस्तक घेतलं, सुरीनं कापडाची शिवण उचकटली, पाठीवरचा कागद ओला करून सोलला आणि सहाव्या फर्म्यानंतरचे टाके कापले. मलपृष्ठावरचा जुना फोटो त्यांनी नव्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला होता. कुत्रेवाला तिथून बघत होता आणि आजही त्याचं नाक त्यांना आवडलं नाही. मत्सर संपला म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं आणि सातवा फर्मा चौकटीवर बसवला.

नात स्टुलावरून उठली नाही. थोड्या वेळानं तिचा श्वास अडखळल्यासारखा ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग ती उघडपणे रडू लागली. आजोबांना या प्रसंगाला चपखल बसणारी निदान चार वचनं पाठ होती. त्यातलं एक ओठांपर्यंत आलंही. त्यांनी ते गिळलं, सुई आत घातली, बाहेर काढली, पुन्हा आत घातली. ती रडत होती तोवर ते शिवत राहिले, आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही.